काळ्या बर्फातले पांढरे बुडबुडे

अलास्कातील फेअरबँक्स शहराच्या परिसरातली तळी ऑक्टोबर महिन्यात गोठू लागतात. बर्फाचा पहिला थर काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालच्या गडद पाण्यामुळे तो काळा दिसतो. या काळ्या बर्फात जागोजागी अडकलेले पांढरे, चपटे गोल म्हणजे तळाच्या गाळातून वर आलेल्या वायूचे बुडबुडे आहेत. एक बुडबुडा बर्फाला येऊन टेकतो, त्याच्याखाली नवा बर्फ धरतो, मग पुढचा बुडबुडा येतो, आणि तव्यावरून उतरवलेली घावने एकावर एक ठेवावीत तशी त्यांची चळत रचली जाते. काही ठिकाणी वायू इतका सतत येत असतो की ऐन हिवाळ्यातही तेवढे भोक गोठत नाही. संशोधक अशा एखाद्या बुडबुड्यावरचा बर्फ टोकदार सळईने फोडून जवळ जळती काडी धरतात, तेव्हा भपकन ज्वाळा उठते. हा वायू मिथेन आहे.

तळ्यातून मिथेन येणे ही काही नवलाई नाही. इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1776 साली मॅजोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून हाच वायू गोळा केला होता, आणि आपल्या गावांतल्या गोबरगॅसच्या टाकीतही हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव शेण कुजवून हाच वायू तयार करतात. उत्तरेकडच्या या तळ्यांचे वेगळेपण त्यांच्या वायूच्या वयात आहे. केटी वॉल्टर अँथनी, सर्गेई झिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईशान्य सायबेरियातील चेर्स्की गावाजवळच्या तळ्यांमधले बुडबुडे पकडून त्यांतील कार्बनचे वय मोजले आणि 2006 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिथून वायू सर्वाधिक जोराने येत होता, तिथला कार्बन सुमारे 35 ते 43 हजार वर्षांपूर्वीचा निघाला. मॅमथ ज्या कुरणांत चरत होते, त्या कुरणांची मुळे आणि पाने हिमयुगात मातीबरोबर गोठून गेली होती. आज ती पहिल्यांदाच कुजत आहेत.

सलग दोन किंवा अधिक वर्षे शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर ध्रुवाभोवतीच्या अशा प्रदेशांच्या मातीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन साठलेला आहे, म्हणजे वातावरणात आज जेवढा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. यातली येडोमा नावाची माती विशेष जपून समजून घ्यावी लागते, कारण तिच्या आकारमानाचा अर्ध्याहून अधिक भाग अनेकदा निव्वळ बर्फच असतो. हजारो हिवाळ्यांत जमिनीला पडलेल्या भेगांत पाणी शिरून गोठत गेले आणि बर्फाच्या प्रचंड पाचरी तयार झाल्या. त्या पाचरी वितळल्या की त्यांच्यावरची जमीन खचते आणि खचलेल्या खळग्यात पाणी साचते.

माझ्या मते या साऱ्या प्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथून पुढे घडते. कोरड्या टुंड्रावर उन्हाळ्यात वरची थोडीशी माती वितळते आणि हिवाळ्यात पुन्हा गोठते. तिथे ऑक्सिजन पोहोचत असल्यामुळे बराचसा कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. खोल तळ्याचे मात्र तसे नसते. वर बर्फ धरला तरी तळाशी पाणी द्रवरूपच राहते, कारण शून्याहून थोडे उष्ण पाणी गोठत्या पाण्यापेक्षा जड असते आणि ते खाली बसते. त्यामुळे तळ्याखालची जमीन उन्हाळा-हिवाळा न पाहता वर्षभर वितळत राहते आणि काही दशकांत कित्येक मीटर खोलवर वितळू शकते. त्या वितळलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात सूक्ष्मजीवांना जुना पाला खायला मिळतो आणि मिथेन तयार होतो. पाण्यात विरघळलेल्या मिथेनचा मोठा वाटा दुसरे जिवाणू वाटेतच खाऊन टाकतात, पण बुडबुडा त्यांना चुकवून थेट हवेत पोहोचतो. सायबेरियातल्या त्या तळ्यांमध्ये 95 टक्के मिथेन बुडबुड्यांच्याच वाटेने बाहेर पडत होता. उत्तर सायबेरियातील अशा तळ्यांतून वर्षाला सुमारे 38 लाख टन मिथेन निघतो, असा अंदाज त्यावरून मांडला गेला. त्याआधीच्या मोजण्यांत हे बुडबुडे जवळपास निसटूनच गेले होते.

वर्तमानपत्रे या विषयाला ‘मिथेन बॉम्ब’ म्हणतात, आणि तो शब्द मला चुकीचा वाटतो. हा स्फोट नाही. अनेक दशके चालणारी, जागोजागी विखुरलेली गळती आहे. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, मात्र वीस वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. हेही सांगायला हवे की जुनी तळी पुढे गाळाने आणि शेवाळाने भरत जातात आणि हजारो वर्षांत पुन्हा कार्बन साठवू लागतात. अडचण अशी की वायू सोडण्याचे काम पहिल्या काही दशकांत जोरात होते आणि साठवण्याचे काम सहस्रकांच्या चालीने. वातावरणात आज येणाऱ्या मिथेनचा निम्म्याहून मोठा भाग माणसाच्या गुरांतून, भातशेतीतून, कचऱ्यातून, कोळशाच्या खाणींतून आणि तेल-वायूच्या विहिरींतून येतो. विहिरीची गळती झडप बसवून थांबवता येते. तळ्याला झडप नसते, आणि उत्तर ध्रुवाचा प्रदेश 1979 पासून उर्वरित पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

फेअरबँक्सजवळचे बिग ट्रेल हे तळे पन्नास वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हते. तिथे जमीन होती. अशा कोवळ्या तळ्यांच्या काठावर स्प्रूसची झाडे पाण्याकडे कललेली दिसतात, कारण त्यांच्या मुळांखालचा बर्फ वितळून माती सरकते आहे. ती झाडे पाण्यात कोसळतात, काठ थोडा मागे हटतो, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये काळा बर्फ धरला की पांढरे गोल त्या नव्या काठालगत उमटलेले असतात.