ठोकळा, पेपर आणि पुट्टी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगच्या गोंगाटात पॉलिश पेपरची खरखर सहज ऐकू येत नाही. उसाच्या ट्रॉलीने घासलेला गाडीचा हा दरवाजा ठोकून सरळ झाला आहे, त्यावर पुट्टीही भरली आहे. आता घासकाम सुरू होईल, आणि रंग कसा दिसणार हे बहुतांशी त्यावरच ठरेल.

सुकलेल्या पुट्टीवर प्रथम ८० नंबरचा खरखरीत पेपर चालतो. कारागिराने तो लांब लाकडी ठोकळ्यावर गुंडाळला आहे, कारण नुसत्या बोटांचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही, पुट्टीत बारीक पन्हळी उमटतात आणि आज नजरेतून सुटलेल्या या पन्हळी चकचकीत रंग चढल्यावर प्रतिबिंब वेडेवाकडे करून स्वतःची जागा दाखवतात. ठोकळा तिरका, फुलीच्या रेषांत फिरतो.

नंतर १८०, मग ३२०; नंबर वाढेल तसा पेपर बारीक होतो. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे घालवायचे असतात. ८० वरून थेट ३२० वर गेल्यास पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो, पण खोल ओरखडे तसेच राहतात. थिनर उडून रंग आकसला की ते वर उमटतात.

आपल्याकडे पुट्टीसुद्धा पाणी मारून घासण्याची सवय आहे. त्याने धूळ उडत नाही, पेपरही जास्त टिकतो. परंतु पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, आणि जुलैच्या कोल्हापुरी हवेत ते पाणी लवकर सुकणार तरी कसे? तेच पुढे रंगाला फोड आणि पत्र्याला गंज आणते. म्हणून पुट्टी कोरडीच घासावी आणि नाकातोंडावर धुळीचा मास्क असावा. पाणी लावून घासायच्या वॉटर पेपरची पाळी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, पूर्ण सुकल्यावर येते.

त्या प्रायमरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारला जातो, ज्याला गाइड कोट म्हणतात. इतकी स्वस्त युक्ती अनेक ठिकाणी का टाळली जाते, हे कोडेच आहे. ६०० नंबरचा पेपर ठोकळ्यावरून फिरला की सपाट भागावरचा काळा रंग निघून जातो आणि खोलगट जागी तो टिकून राहतो.

दरवाजाच्या हँडलखाली असाच एक काळा डाग उरला आहे. तो घासून काढण्याच्या नादात भोवतीचा प्रायमर उडेल, हे जाणून कारागीर ठोकळा खाली ठेवतो आणि पुट्टीचा डबा पुन्हा उघडतो.