अर्धा शिपाई धातूचा, अर्धा ब्रशचा

नमस्कार मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबार आणि तापीच्या दोन्ही काठांना जिथं जिथं रेडिओ चालू असेल तिथल्या सगळ्यांना रामराम. आज बोलायचंय ते घरी धातूचे शिपाई ओतायचे आणि रंगवायचे याबद्दल, आणि त्यातही माझा सगळ्यात लाडका प्रकार, सेमी-फ्लॅट, आपण त्याला अर्धचपटे म्हणू. देवघरातले चांदीचे टाक सगळ्यांनी पाहिलेत. त्यावरचा घोड्यावर बसलेला वीर आठवा, बाजूनं दिसणारा, मांडी आणि घोड्याची मान जराशी वर उचललेली, बस तेवढाच उठाव, फक्त इथं तो दोन्ही बाजूंनी असतो आणि आतून भरीव असतो. चाळीस मिलिमीटर उंचीचा शिपाई धरला तर जाडी तीन-चार मिलिमीटर.

याचं मूळ जर्मनीतलं. न्यूरेंबर्ग गावात १७७० च्या दशकात हिल्पर्ट नावाच्या कारागिरानं कथलाचे एकदम सपाट शिपाई बनवायला सुरुवात केली, पाटीच्या दगडात उलटं कोरलेलं चित्र आणि त्यात ओतलेला धातू, नंतर त्याच गावात १८३९ साली हाइनरिक्सननं दुकान काढलं आणि हे सपाट सैन्य सगळ्या युरोपात गेलं. अर्धचपटे हे त्याच घराण्यातले. लाइपझिगच्या श्नायडर बंधूंनी घरच्या घरी ओतायचे धातूचे साचे विकायला काढले, म्हणजे आता शिपाई विकत आणायचा नाही तर सैन्याचा कारखानाच घरात. तिकडे लंडनमध्ये विल्यम ब्रिटननं १८९३ मध्ये पोकळ शिपाई काढले, साच्यात धातू ओतायचा आणि लगेच उलटा करून आतला पातळ धातू बाहेर काढायचा, त्यानं धातू वाचला, माल स्वस्त झाला आणि बाजारात गोल, म्हणजे पुतळ्यासारखे सगळीकडून भरलेल्या अंगाचे, शिपाई जिंकले. पण घरी ओतणाऱ्याला अर्धचपटाच सोयीचा, कारण साचा दोनच तुकड्यांचा असतो आणि शिपायाचा कुठलाच भाग आत अडकत नाही, साचा उघडला की शिपाई हातात. आजही आयर्लंडमधल्या मॅक्रूमची प्रिन्स ऑगस्ट कंपनी घरी ओतायचे रबरी साचे बनवते.

आता धातू. इथं मी जरा कडक बोलणार आहे कारण घरात लेकरं असतात. जुने शिपाई शिशाच्या मिश्रणाचे असायचे, शिसं जड, स्वस्त आणि कुठंही मिळतं, जुन्या बॅटरीतलं मिळतं, भंगारात मिळतं, आणि नेमकं म्हणूनच ते घरात वितळवायचं नाही म्हणजे नाही. शिसं पोटात गेलं की लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. बॅटरीची प्लेट तर हातसुद्धा लावायची गोष्ट नाही. आपण घ्यायचं कथील. भांड्यांना कल्हई लावायला वापरतात तेच. कल्हईवाले आता गल्लीत फारसे येत नाहीत पण भांडीबाजारात विचारलं की कथील कुठं मिळेल ते सांगतात.

आणि खरं कथील ओळखायचं कसं, तर ही गोष्ट रेडिओवर सांगायला मला फार आवडते. कथलाची कांडी कानाजवळ धरा आणि हळूच वाकवा. आतून करकर असा आवाज येतो, धातूच्या आतल्या स्फटिकांची रचना एकदम बदलते त्याचा. शिसं वाकवलं तर मुकाट वाकतं आणि कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटवतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली साधी सोल्डरची तार पण नको, तिच्यात साधारण चाळीस टक्के शिसं असतं.

कथील २३२ अंशाला वितळतं, शिशाला ३२७ लागतात, म्हणजे कथलाचं काम साध्या छोट्या शेगडीवर होतं. भांडं मात्र वेगळं ठेवायचं, त्यात परत कधी काही शिजवायचं नाही. खिडकी उघडी, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. आणि पाणी जवळ फिरकू द्यायचं नाही. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या धातूखाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू चारी बाजूंना उडतो. म्हणून पावसाळ्यात साचा, पळी, धातूच्या कांड्या सगळं आधी कोरडं गरम करून घ्यायचं. आपल्या मे महिन्यात ओल नसते खरी, पण भुसावळच्या पंचेचाळीस अंशात शेगडीपुढे कोण बसणार, तेव्हा पहाटेच उरकायचं. पोरांना बघू द्या, पण लांबून, आणि पळी मोठ्या माणसाच्याच हातात.

धातू किती तापला ते बघायला आगकाडीचं मागचं लाकडी टोक त्यात बुडवा. लाकूड तपकिरी व्हायला पाहिजे, पेटायला नको. पेटलं तर शेगडी कमी करा. वर जी मळी येते ती चमच्यानं बाजूला सारायची, तळातला धातू आरशासारखा दिसतो.

साचा रबराचा असेल तर आत टाल्कम पावडर लावून ब्रशनं झटकायची, एवढी की हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही. पावडर नुसती शिपाई सुटावा म्हणून नसते, तिच्या कणांमधून हवा निसटते आणि धातू बारीक नक्षीत शिरतो. दोन्ही भाग जुळवून बाहेरून दोन फळ्या लावायच्या आणि क्लॅम्पनं धरायचं, फार आवळलं तर हवेला वाट राहत नाही, सैल सोडलं तर कडेनं पापुद्रा येतो. मग एका दमात, न थांबता ओतायचं आणि साचा टेबलावर हलकेच दोन-तीनदा आपटायचा. पहिले काही शिपाई बिनहाताचे, बिनडोक्याचे निघतात, कारण साचा थंड असतो आणि धातू टोकापर्यंत जायच्या आधीच गोठतो, ते परत भांड्यात टाकायचे, तेवढ्यात साचा तापतो आणि मग एकामागून एक स्वच्छ माल निघायला लागतो. साचा तापल्यावरसुद्धा बंदुकीची संगीन येत नसेल तर समजा टोकाशी हवा अडकलीय, तिथून साच्याच्या कडेपर्यंत ब्लेडनं केसाएवढी चीर द्या. हवा निघते, संगीन येते. हे चिरा द्यायचं काम ज्याला जमलं त्याला ओतकाम जमलं असं मी मानतो.

शिपाई निवला की ओतायच्या वाटेत राहिलेला खुंट कटरनं तोडायचा, कडेची रेघ बारीक कानशीनं काढायची आणि भांडी घासायच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवायचा, कारण पावडर आणि बोटांचं तेल राहिलं तर रंग पुढं सालासारखा निघतो. त्यावर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला ग्रे प्रायमर स्प्रे, पातळ हात. आपल्याकडे दुपारी स्प्रे मारला तर रंग हवेतच वाळतो आणि वर रवाळ पडतो, म्हणून हे पण सकाळचंच काम. घरात पडलेले ऑइल पेंटचे जुनाट डबे मात्र वापरू नका, घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय असेल त्याचा भरवसा नाही.

आता रंगकाम, आणि माझ्या मते अर्धचपट्याचा खरा जीव इथं आहे. गोल पुतळ्यावर उजेड पडला की सावली आपोआप पडते. अर्धचपट्याला उठाव आहे पण तुटपुंजा, त्याची सावली तुम्हाला ब्रशनं द्यावी लागते, म्हणजे धातू अर्धा शिपाई देतो आणि उरलेला अर्धा तुम्ही काढायचा. म्हणून आधी ठरवा उजेड कुठून येतोय. वरून डावीकडून ठरवला तर सगळ्या पलटणीला तोच, एकाला डावीकडून आणि शेजारच्याला उजवीकडून चालत नाही, रांगेत उभे केले की लगेच खटकतं. मग पट्ट्याच्या खाली, काखेत, घोड्याच्या पुढच्या पायामागे मूळ रंगाचाच गडद हात, आणि खांद्यावर, गुडघ्यावर, फेट्याच्या वरच्या घडीवर फिक्का हात. सावलीला नुसता काळा घेऊ नका, लाल डगल्याच्या सावलीत तपकिरी मिसळा, पांढऱ्या धोतराच्या सावलीत थोडा निळसर राखाडी. चेहऱ्यावर पांढरे डोळे काढून त्यात काळे ठिपके देऊ नका हो, एवढ्याशा शिपायाचे डोळे वटारल्यासारखे दिसतात, भुवईखाली एक गडद रेघ आणि नाकावर फिक्का ठिपका, बास, माणूस बघायला लागतो.

अ‍ॅक्रिलिक रंग आपल्या कोरड्या हवेत पॅलेटवरच वाळून जातात, त्यावर उपाय म्हणजे पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्या कागदावर रंग, तासन्‌तास ओला राहतो.

घोड्यांसाठी आपल्याला फोटो शोधत बसायची गरज नाही, आपल्याकडे सारंगखेडा आहे. शहादा तालुक्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तिथं वही घेऊन जा. कुमैत घोड्याचं अंग तांबूस तपकिरी पण आयाळ, शेपूट आणि पायाची खालची बाजू काळी असते, हे एकदा डोळ्यानं पाहिलं की ब्रश चुकत नाही. पंचकल्याणीचे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, अबलखाचे ठिपके मोठे आणि कडा वेड्यावाकड्या, आणि नुकऱ्याला पांढरा फासून मोकळं होता येत नाही, त्याच्या नाकपुडीत आणि डोळ्याभोवती गुलाबी झाक असते. घोडा उभा असताना एक मागचा पाय सैल सोडतो तेही बघून ठेवा.

आणि आता मनातलं. बाहेरून येणारे साचे युरोपातल्या पलटणींचे असतात, ते ओतायला मजा येते पण आपल्या मातीतले शिपाई कोण ओतणार? १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. आणि १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल त्याच इंग्रजांविरुद्ध लढले. एका टेबलावर या दोन्ही बाजू मांडल्या तर पोरांना केवढं सांगता येईल. त्यात अर्धचपट्याला धनुर्धारी माणूस इतका जमतो की विचारू नका, ताणलेलं धनुष्य, सरळ केलेला हात, मागे ओढलेला कोपर, बाजूला वळलेलं तोंड, सगळं एकाच पातळीत येतं, साच्यात काहीच अडकत नाही.

असा धनुर्धारी घरी घडवायचा तर काचेच्या तुकड्यावर एम-सीलनं दोन्ही अर्धे वेगळे बनवा, सुईनं आणि दातकोरणीनं घड्या कोरा, वाळल्यावर पाठीला पाठ चिकटवा. मग तो शाडूत कडेपर्यंत अर्धा रुतवा, भोवती पुठ्ठ्याची चौकट, वरून धातूचं तापमान सोसणारं सिलिकॉन. ते घट्ट झालं की उलटं करून शाडू काढा, व्हॅसलीनचा हात द्या आणि साच्याचा दुसरा अर्धा ओता. व्हॅसलीन लावायचं राहिलं तर साच्याचे दोन्ही अर्धे एकजीव होतात. नक्षी कोरताना कड कुठंच आत वळू देऊ नका, वरून बघितलं तर सगळी कड दिसली पाहिजे. धनुष्याची दोरी साच्यात कोरायच्या भानगडीत पडू नका, एवढी बारीक दोरी कथील भरत नाही. रंग पूर्ण झाला की जुन्या इअरफोनच्या वायरमधली एक तांब्याची तार काढा, धनुष्याच्या दोन्ही टोकांना आणि मधे बोटांपाशी गोंदाच्या थेंबानं चिकटवा, आणि तिला तपकिरी रंगाचा एक हात द्या. नमस्कार.