आरसी संपलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना नेमकं काय तपासतात?

[टायर कॅमेऱ्यासमोर धरून]

हे चार आकडे दिसतायत? २३११. टायरच्या बाजूला, DOT ही अक्षरं असतात त्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत. अर्थ सरळ आहे, २०११ सालातला तेविसावा आठवडा. आता याची नक्षी बघा, जवळजवळ नवी. आणि आता मी तो जरा वाकवतो... या भेगा दिसल्या?

हा टायर माझ्या मामांच्या मारुती ८०० चा. गाडी २००३ ची. २०१८ मध्ये आरसीची मुदत संपली, त्याच सुमारास मामांचे गुडघे गेले, आणि गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. सात वर्षांनी मामेभाऊ म्हणाला, "दादा, चालू करूया की. पप्पांना त्यातूनच जेजुरीला नेतो."

तर आज विषय हाच. इतकी वर्षं बिननोंदणीची उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर तिची कसून तपासणी सक्तीची हवी का?

आधी एक गैरसमज. रोड टॅक्स एकरकमी भरलेला असतो, त्यामुळे खूप जणांना वाटतं की गाडी कायमची पास झाली. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यापुढे दर खेपेला ५ वर्षांनी वाढवून घ्यायची. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. मामांनी तो भरला नव्हता. मी तरी कुठे वेळेवर भरलाय म्हणा.

आता पैशांचा हिशोब ऐका, खरी गंमत इथे आहे. कारच्या नूतनीकरणाची फी आधी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केली. त्यावर उशीर झाल्याचा दंड, महिन्याला ५०० रुपये. सात वर्षं म्हणजे ८४ महिने, म्हणजे ४२,०००. एकूण ५२,००० झाले, पर्यावरण कर वेगळाच. आणि गल्लीतला भंगारवाला याच गाडीचे अठरा हजार देत होता!

मामेभावाने भरले, कारण त्याला वडिलांना जेजुरीला न्यायचं होतं. दुसरा कोण भरेल? कलम १९२ बघा. नोंदणी नसलेली गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात, तर दंड २,००० ते ५,०००. रीतसर गेलात तर ५२,०००. माणूस काय करेल? ताडपत्री काढेल, बॅटरी बसवेल आणि गावातल्या गावात तशीच फिरवेल. म्हणजे जी गाडी निरीक्षकाने सगळ्यात आधी बघायला हवी, तिलाच आपण त्याच्या दारापासून लांब ठेवतोय.

बरं, भरले पैसे. मग गाडी आरटीओत न्यायची, पण चालवत न्यायची सोय नाही, कारण आरसीच जिवंत नाही. वाटेत काही झालं तर विम्याचीही पंचाईत. वैध नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच एका दाव्यात म्हटलंय. मग फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घालून नेणारा ट्रक, बोलावला. त्याचे साडेतीन हजार.

कुठल्या आरटीओत, ते विचारू नका. गाडी खाली उतरवली. बॉनेट उघडलं, चॅसिस नंबरवर कागदाची पट्टी ठेवून पेन्सिल घासली, नंबर कागदाशी जुळवला. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न. गाडी वीस फूट पुढे, वीस फूट मागे. पास!

चोरीची गाडी पकडायला हे ठीक आहे, ते महत्त्वाचंच काम आहे. पण त्या वीस फुटांत ब्रेकचं काय कळणार?

पुढच्या आठवड्यात आमच्या मिस्त्रींनी मागच्या ब्रेकचा ड्रम उघडला. मी तिथेच उभा होतो. डाव्या बाजूचा व्हील सिलेंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग, जाम. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, गाडी उभी राहिली की आतून गंज धरतो. बाटलीत काढलेलं ते ऑइल टपरीवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं होतं. रबरी होजला चिरा पडलेल्या. डॅशबोर्डखाली उंदरांनी वायरिंगचा चिवडा केलेला, दोन जागी तांबं उघडं. ताडपत्रीने वरचा पाऊस अडवला, पण खालची ओल कोंडून ठेवली, त्यामुळे फ्लोअरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला की आत जात होता. आणि ही गाडी आठवडाभरापूर्वी रीतसर पास झालेली.

[टायर खाली ठेवून]

आता दुसरी बाजू. अमेरिकेत टेक्सासने जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी काढूनच टाकली. अशी तपासणी नकोच म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. आपल्याकडेही केंद्राच्या अपघात अहवालात अतिवेग दरवर्षी सगळ्यात वर असतो, जाम झालेला व्हील सिलेंडर नव्हे. आणि आपल्याकडचा खास मुद्दा म्हणजे, तपासणी वाढली की एजंटचा दर वाढतो. हे मला पूर्ण पटतं.

पण रोज चालणारी पंधरा वर्षांची गाडी आणि सात वर्षं उभी असलेली गाडी, यांत फरक आहे. रोजच्या गाडीचा ब्रेक हळूहळू उतरतो, चालवणाऱ्याच्या पायाला ते कळतं. उभ्या गाडीचा दोष पहिल्या घाटात कळतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पैसे कमी घ्या आणि गाडी नीट बघा. उशिराच्या दंडाला वरची मर्यादा घाला, दोन-तीन हजारांची. वेळेवर आलेल्या चालू गाडीला आजची साधी तपासणी पुरे. पण मुदत संपून वर्ष उलटलं असेल, तर गाडी रोलरवर चढलीच पाहिजे. चाकं रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो, डाव्या-उजव्यात किती फरक आहे, ते मशीन आकड्यात छापून देतं. मामांच्या गाडीचं डावं मागचं चाक तिथेच सापडलं असतं. शिवाय आकडा छापून आला की एजंटला बोलायला जागा कमी राहते. ही मशीन नवीन नाहीत. अशा मशीनवर गाड्या तपासणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे नियम २०२१ मध्येच आले. व्यावसायिक गाड्यांची ब्रेक चाचणी नीट व्हावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २५० मीटरच्या ट्रॅकचा आग्रह धरला होता. रिक्षाला जे लागू, ते सात वर्षं पडून असलेल्या कारला का नको?

आणि काय काय तपासायचं? ब्रेक, टायर, स्टिअरिंग, पेट्रोलचे पाइप, वायरिंग, सीटबेल्ट. बास. सीट फाटली, रंग उडाला, याच्याशी सरकारला देणंघेणं नको.

ब्रिटनमधली एक सोय मात्र मला उचलावीशी वाटते. तिथे गाडी वापरणार नसाल तर तसं कळवून ठेवता येतं, त्याला सॉर्न म्हणतात, १९९८ पासून आहे. कळवलं की रोड टॅक्स थांबतो. आणि तपासणीची वेळ आधी ठरवली असेल, तर तेवढ्यापुरती गाडी चालवत नेता येते. इथे असं असतं, तर गुडघे गेले त्या वर्षी मामांनी एक अर्ज केला असता आणि बेचाळीस हजार वाचले असते.

मामांच्या गाडीला चारही टायर नवे घातले, ब्रेकचं काम केलं, वायरिंग बदललं, फ्लोअरला पत्रा मारला. किती खर्च आला ते मामांना सांगितलेलं नाही, तुम्हीही कमेंटमध्ये विचारू नका, ते बघतात हा चॅनल. जेजुरी झाली. परत येताना दिवे घाटाच्या उतारावर मामा शेजारच्या सीटवर होते, आणि घाट संपेपर्यंत त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबलेला होता.

आता खाली जा आणि तुमच्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे बघून कमेंटमध्ये टाका. चालत्या चाकांचे नकोत, स्टेपनीचे टाका.