फवारणीनंतरच्या बाटल्या

पश्चिम विदर्भात ऑगस्टपासून कपाशीवरील फवारणीचा जोर वाढतो आणि धुऱ्यावर, नाल्याकाठी, विहिरीपाशी कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या साचू लागतात. शेतकऱ्याच्या लेखी त्यांचे काम संपलेले असते. पोते खांद्यावर टाकून गावोगाव फिरणाऱ्या बायांच्या लेखी मात्र ते किलोवर विकले जाणारे प्लास्टिक असते. पन्नी, पुठ्ठा, लोखंड आणि दारूच्या शिश्यांसोबत या बाटल्याही त्याच पोत्यात जातात व तालुक्याच्या गावी कबाड्याच्या काट्यावर चढतात.

बाटलीच्या वेष्टनावर दिसणारा लाल त्रिकोण अत्यंत विषारी औषधाची खूण आहे. अक्षरओळख नसलेल्यालाही धोका कळावा म्हणून तो रंग दिलेला असतो, पण पावसाने आणि चिखलाने वेष्टन गळून पडले की बाटली नुसती बाटली उरते. तळाशी राहिलेले औषध सांडून टाकताना ते हातावर येते, आणि मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात शिरतात.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा मास्क आणि हातमोज्यांची चर्चा राज्यभर झाली. ती आवश्यकच होती. आमच्या मते ती फवारणाऱ्यापाशी थांबली, हे दुर्दैव. वास्तविक वापरलेली बाटली उघड्यावर टाकू नये, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावी, असे कीटकनाशक नियम, 1971 सांगतात.

धोका एवढाच नाही. कचऱ्यात टाकलेल्या इंजेक्शनच्या सुया टोचून हिपॅटायटिस बी होऊ शकतो, आणि तांब्यासाठी वायर जाळताना प्लास्टिकचा विषारी धूर थेट छातीत जातो.

कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी म्हटले होते. परंतु ते मुख्यतः नागरी भागासाठी केलेले असल्याने नगरपंचायतीच्या हद्दीत जिची नोंद व्हायला हवी होती, तीच बाई शेजारच्या ग्रामपंचायतीत गेली की त्या तरतुदीबाहेर पडत असे. तिच्यासाठी ग्रामसभेने बाटल्यांची सुरक्षित विल्हेवाट ठरवावी आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस तिच्यापर्यंत पोहोचवावी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात घाम, मळमळ आणि अंधुक दिसण्याची तक्रार घेऊन ती आली, तर ऊन लागले असेल असे समजून तिला परत पाठवू नये. फवारणी केली होती का, या प्रश्नासोबत बाटल्या वेचल्या होत्या का, हेही विचारावे. त्या उत्तराने निदान लवकर होते आणि गरज असल्यास ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेवर उतारा असलेले अ‍ॅट्रोपिन वेळेवर देता येते.