मांडीवरची गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

आज माझ्या एका मित्राच्या गिटारपासून सुरुवात करतो. १९९७ साली इंग्लंडच्या रेडिओहेड या बँडचा 'ओके कम्प्युटर' हा अल्बम आला आणि हा गडी त्यात पार बुडाला. 'पॅरानॉइड अँड्रॉइड' हे त्यातलं सहा मिनिटांहून लांब गाणं. मध्येच ते प्रार्थनेसारखं संथ होतं आणि शेवटी बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूड याची गिटार अक्षरशः किंचाळत सुटते. तो शेवटचा तुकडा बसवायला माझ्या मित्राला काही महिने लागले. चार सेकंद ऐकायचं, थांबवायचं, मागं घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. तुकडा पहिल्यांदा सलग वाजला त्या दिवशी त्यानं मला फोनवरच ऐकवला होता.

मग २००० सालच्या ऑक्टोबरात त्यांचा पुढचा अल्बम आला, 'किड ए'. आम्ही दोघांनी एकत्र ऐकायचं ठरवलं होतं. मित्रानं गिटार सुरात लावून मांडीवर घेतली होती. जे आवडेल ते लगेच पकडायचं, असा त्याचा बेत.

पहिलं गाणं सुरू झालं. सिंथेसायझरचे मऊ, गोल स्वर, आणि बँडचा गायक थॉम यॉर्क याचा आवाज कापून, तुकडे करून, उलटसुलट जोडलेला. आवर्तन दहा मात्रांचं. झपतालाच्या मात्राही दहाच, पण झपतालाचं वजन लावून पाहाल तर हात चुकेल, कारण इथं जोर भलत्याच ठिकाणी पडतो. गिटार नाही. मित्र म्हणाला, "येईल, येईल." दुसऱ्या गाण्यात लहान मुलांच्या किल्लीच्या खेळण्यासारखी सुरावट आणि माणसाचा आवाज पार यंत्रातून गाळलेला. गिटार नाहीच. तिसऱ्यात बासचा एकच तुकडा गरगर फिरत राहतो आणि त्यावर ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाले एकमेकांच्या अंगावर धावून जातात. चौथ्यात एकदाची गिटार आली, तीही साधी, संथपणे छेडलेली, आणि हळूहळू तिच्यावर व्हायोलिनांचं धुकं चढत गेलं. पाचव्याला ना ठेका, ना शब्द. नुसते तरंग. त्या पाचव्याला मित्रानं गिटार उचलून भिंतीला टेकवून ठेवली.

"मी वाजवायचं काय?" एवढंच म्हणाला तो. रागानं नाही. एखाद्याला बसच्या थांब्यावर न सांगता सोडून जावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

त्या वर्षी जगभर रेडिओहेडच्या चाहत्यांची दोन घरं झाली. एका घराचं म्हणणं, या लोकांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं. गाण्यातला जीव काढून घेतला आणि यंत्रांचा गुणगुणाट हातात दिला. दुसरं घर म्हणत होतं, असं काही आपण आजवर ऐकलेलंच नाही. समीक्षकही असेच फुटले. कुणी डोक्यावर घेतलं, कुणी उर्मटपणा म्हणून झिडकारलं. मी दुसऱ्या घरात होतो, आणि मित्राशी भांडलोही. ते भांडण आज आठवलं की वाटतं, मी त्याचं दुःख ऐकूनच घेतलं नाही. मी त्याला अल्बम कसा श्रेष्ठ आहे ते पटवत बसलो. तो मला सांगत होता की त्याच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं गेलंय.

बँडनं सूर बदलला की चाहते चिडतात, हे काही नवं नाही. १९६५ साली लोकगीतांचा लाडका अमेरिकन गायक बॉब डिलन यानं तिथल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घातली आणि पुढं वर्षभर त्याला हुर्यो सोसावी लागली. इंग्लंडात मँचेस्टरच्या कार्यक्रमात तर प्रेक्षकांतून कुणीतरी 'ज्यूडास!' असं ओरडलं, म्हणजे येशूला दगा देणारा. त्याच्या मागं वाजवणारा ड्रमर लेव्हन हेल्म याला ती हुर्यो सहन होईना, तो १९६५ संपायच्या आत साथ सोडून गेला. मेटॅलिका या वेगवान, कर्कश 'मेटल' वाजवणाऱ्या अमेरिकन बँडला १९८४ मध्ये नुसत्या एका संथ, अकूस्टिक सुरुवातीच्या गाण्यावरून बोल लागले. १९९१ साली त्यांनी गाणी आटोपशीर केली तेव्हा जुने चाहते म्हणाले, हे विकले गेले. १९९६ मध्ये तर केस कापले म्हणूनही त्यांना धारेवर धरलं.

आता गंमत पाहा. मेटॅलिकावर आरोप होता, तुम्ही सोपे झालात. रेडिओहेडवर आरोप होता, तुम्ही मुद्दाम अवघड झालात. दिशा अगदी उलट, पण राग तोच. म्हणजे सोपं-अवघड हा भांडणाचा खरा विषय नसतोच. एखादा आवाज आपण ऐन विशीत अंगावर घेतलेला असतो. त्याच्यावर आपली बोटं वळलेली असतात, आपली दोस्ती जमलेली असते. तो आवाज ज्यांनी दिला तेच उठून जातात, तेव्हा पोटात कालवतं ते यासाठी. त्याला हट्टीपणा म्हणून उडवून लावणं मला आता योग्य वाटत नाही.

पण ही फूट चाहत्यांत पडण्याआधी कुठं पडली होती, ते सांगायला मी आज बसलोय. ती बँडच्याच खोलीत पडली होती.

ऑक्सफर्डजवळच्या एका शाळेत जमलेली ही पाच मुलं. थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे दोघे ग्रीनवूड भाऊ, एड ओब्रायन आणि ड्रमर फिल सेल्वे. पाचांतले तीन जण गिटार वाजवणारे. १९९७-९८ च्या लांबलचक दौऱ्यानंतर यॉर्क कोलमडला. त्याला लिहिता येईना. जो तो आपल्यासारखा आवाज काढतोय असं त्याला वाटे, आणि आपलं स्वतःचं गाणंही आता सगळीकडं चालू असणाऱ्या आवाजाच्या रेट्यातलाच एक आवाज झालंय, असंही वाटे. त्यानं एक पियानो घेतला. पियानोत तो काही तरबेज नव्हता, आणि त्याला तेच हवं होतं. सवयीच्या हातातून सवयीचंच गाणं निघत होतं. हात अडखळला तर काही वेगळं हाती लागेल, हा त्याचा विचार. त्या पियानोवर सुचलेलं पहिलं गाणं म्हणजेच अल्बमचं पहिलं गाणं. शब्द जुळेनात तेव्हा ओळींचे कागदी तुकडे करून टोपीत टाकले आणि एकेक काढून गायला.

यॉर्कचं हे झालं. बाकीच्यांचं काय? १९९९ च्या जानेवारीत पॅरिसला काम सुरू झालं, मग कोपनहेगन, मग इंग्लंडातला एक जुना वाडा, मग ऑक्सफर्डजवळचा स्वतःचा स्टुडिओ. वर्षभराहून जास्त काळ. एड ओब्रायनला छोटी, सुरेल, गिटारची गाणी करायची होती. उलट त्याच्यासमोर अशी गाणी येत होती की ज्यात गिटारला जागाच नव्हती. कधी ड्रमलाही नसायची. निर्माता नायजेल गॉडरिच यानं तर पुढं त्यांचे दोन गट केले. एकानं एखादा आवाज तयार करायचा, पण गिटार आणि ड्रमला हात न लावता, आणि दुसऱ्यानं तो पुढं न्यायचा. डोळ्यांसमोर आणा. शाळेपासून गिटार गळ्यात घेऊन वाढलेला माणूस स्टुडिओत येतो आणि आज गिटार नको म्हणून सांगितलं जातं. सगळ्यांना पटेल असा अल्बम होत नसेल तर बँड बंद करायचा, इथवर त्यांचं बोलणं गेलं होतं.

म्हणजे श्रोतेहो, माझ्या मित्राचा तो प्रश्न, "मी वाजवायचं काय?", तो खुद्द त्या बँडमध्ये आधीच विचारला गेला होता. आणि त्याला उत्तर शोधताना त्या माणसांनी जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. जॉनी ग्रीनवूड ओंद मार्तेनो हे १९२८ सालचं फ्रेंच विद्युत-वाद्य घेऊन बसला. बोटात अंगठी घालून ती तारेवरून सरकवायची आणि मींड काढावी तसा स्वर ओढायचा. त्यानंच यंत्रांच्या आवाजाचं पन्नासएक मिनिटांचं ध्वनिमुद्रण यॉर्कला दिलं, त्यातला मिनिटभराहूनही छोटा तुकडा उचलून एक अख्खं गाणं उभं राहिलं. मंचावर पहिलं गाणं वाजवताना हाच जॉनी जमिनीवर गुडघे टेकून बसतो, यॉर्कचा आवाज जिवंत पकडतो आणि एका छोट्या पेटीवर बोटं फिरवून त्याला पिळतो, ताणतो.

हा अल्बम एकही सिंगल, म्हणजे प्रसिद्धीसाठी वेगळं काढलेलं सुटं गाणं, न काढता अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानं आमच्या भांडणात काही फरक पडला नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं.

आता त्या पाचव्या गाण्याबद्दल. ना ठेका, ना शब्द, नुसते तरंग असं मी म्हणालो ते. ज्याला मित्रानं गिटार भिंतीला टेकवली ते. बरीच वर्षं मीही त्याला सिंथेसायझरच समजत होतो. मग वाचनात आलं की तो सगळा आवाज एड ओब्रायनच्या गिटारचा आहे. त्याची गिटार मुद्रित करून संगणकावर इतकी बदलली की तारेची ओळखच उरली नाही. ज्या माणसाला वाटत होतं की आपल्याला काही कामच उरलं नाही, त्याच्याच वाद्यातून ती चार मिनिटं घडली आहेत.

हे मी मित्राला सांगितलं, तेव्हा पहिल्या ऐकण्याला पुष्कळ वर्षं होऊन गेली होती. त्याला तो अल्बम आजही आवडत नाही. सहाव्या गाण्यात चांगली गिटार आहे हे तो मानतो, बस. पण त्या दिवशी त्यानं हेडफोन मागितला. डोळे मिटून ऐकलं. ऐकताना डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर आपोआप हलायला लागली, तार शोधावी तशी.

संपल्यावर म्हणाला, "हे? हे सगळं? कुठं आहे गिटार?"

आणि मग, "परत लाव."

नमस्कार.