हात कोमट झाले का?

(रात्र. दगडी गडगा. जांभळ्या उजेडाची बॅटरी सावकाश सरकते.)

महाड तालुक्यातल्या या गडग्याकडे दिवसा कुणी वळूनही बघत नाही. रात्री त्यावर अतिनील बॅटरी मारली की फटींमधून हे असं हिरवट चमकायला लागतं. एक. दोन. तिसरा तो कोपऱ्यात, नांगी उगारून. ही चमक विंचवाच्या कातडीतच असते. आता ही मादी नीट बघा. ती चमकतेय, पण पाठीवरचं बिऱ्हाड नुसतंच पांढुरकं. पहिली कात टाकल्याशिवाय पिल्लांना चमक येत नाही.

(दोन काचेच्या बरण्या.)

डावीकडचा काळा, चांगला थोराड. त्याला बघून आमचा कॅमेरामनसुद्धा दोन पावलं मागे सरला. उजवीकडचा तांबडा, जेमतेम बोटाएवढा. भ्यायचं ते याला. काळ्याचा जोर चिमट्यांत, तांबड्याचा नांगीत. पावसाच्या तोंडाला, आणि मग भातकापणीत पेंढा उचलताना, चपलेत पाय सारताना हा गाठतो.

(जुनी लोखंडी खाट. रिकामी.)

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर याच तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा माणूस, शिक्षण नागपूरला. विंचू चावलेला रोगी आधी गावात उतरवणाऱ्याकडे जायचा, मग इथे. इथेही हाती होतं काय? अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, स्टिरॉइड, अ‍ॅट्रोपिन. ते देऊनही माणसं जायची. तेव्हा या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. ते खाटेशेजारी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, लाळ. थोड्या वेळाने पुन्हा नाडी. रात्र रात्र.

बसून बसून जे दिसलं ते उलटंच होतं. ज्याला चावल्या जागी जीवघेणी कळ, जो घर डोक्यावर घेतो, तो सहसा वाचतो. भीती असते ती कळीबद्दल फारसं न बोलणाऱ्याची. ओकाऱ्या, अंथरूण भिजवणारा घाम, मुलगा असेल तर ताठलेलं लिंग, आणि गारठोण हातपाय. विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. अंगात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, त्यांच्यातून रक्त रेटता रेटता हृदय दमतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. धोक्याच्या या खुणा 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या.

(ट्रे. छोटी पांढरी गोळी. परिचारिकेची बोटं.)

ही प्राझोसिन. गोळी मुळात रक्तदाबाची. विष ज्या वाहिन्या आवळतं, त्याच ही सैल करते. मुलांना वजनाच्या किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत. पहिल्या डोसनंतर रोग्याला उठू द्यायचं नाही, दाब एकदम उतरून चक्कर येते. बाकी काही अवघड नाही. गोळी हवी, आणि दर थोड्या वेळाने तळव्याला हात लावून बघणारं कुणीतरी हवं. 1986 साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले 30 दगावत, ते एकावर आलं.

(हाफकिनची कुपी, उजेडात धरलेली.)

पुढे ही प्रतिविषाची कुपी आली आणि वाद सुरू झाला. कुपी की गोळी? बावस्करांनी महाडलाच 70 रुग्णांवर चाचणी केली. 2011 साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. नुसत्या गोळीवरचे सरासरी जवळपास 18 तासांत सावरले, दोन्ही मिळालेले 8 तासांत. कुपी अंगातलं विष निकामी करते, विषाने सोडलेला लोंढा गोळी आवरते. तेव्हा ‘की’ काढून टाका आणि ‘आणि’ म्हणा. फक्त कुपी नसली तर गोळी तरी हवी, एवढंच आमचं म्हणणं.

(कपाटाचं दार उघडतं.)

हे एक आरोग्य केंद्र. कुठलं ते सांगत नाही. 2022 साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली, तरी या कपाटात आम्ही बराच वेळ प्राझोसिन शोधत होतो. शेवटी ही पट्टी निघाली. नाव तेच, पण गोळी सावकाश विरघळणारी, रोजच्या रक्तदाबवाल्यांची. विंचवाला सावकाश चालत नाही. लागते ती साधी, एक मिलिग्रॅमची. तिच्या खणात ओआरएसची पाकिटं होती.

(दुसरा दवाखाना. मध्यरात्र. खाटेवर मुलगा, उशाशी आई.)

एक वाजता पहिली गोळी. तळवे गार. मुलगा गप्प, छताकडे बघत.

चार वाजता दुसरी. आई पदराने त्याचं कपाळ पुसते, पदर पिळते, पुन्हा पुसते.

(खिडकीत उजाडतं. परिचारिकेचा हात मुलाच्या पावलावर.)

सात. आता तिसरी द्यायची की नाही, ते ती बोटांनी ठरवतेय. तिने पाऊल धरलंय, सोडत नाहीये.

(निवेदन बंद. मूळ आवाज.)

“आई, दुखतंय गं.”

“कुठे रे बाळा?”

“चावला तिथंच. लय दुखतंय.”

(परिचारिका हसते. गोळी परत डबीत टाकते.)