उपग्रहाला जेसीबी दिसत नाही

[दृश्य: पहाटेचा अंधार. भोर-महाड रस्त्याच्या कडेला उभा पिवळा जेसीबी. काचेवर दव.]

पहाटेचे पाच. मशीन भोरच्या पुढे, रस्त्याच्या कामावर. मालक पुण्यात, अजून अंथरुणात. डोळे नीट उघडायच्या आत त्याचा हात मोबाईलकडे जातो. नकाशावर एक ठिपका. हिरवा असेल तर इंजिन चालू, लाल असेल तर बंद. आत्ता लाल आहे. मग चहाला हरकत नाही.

"वरून सॅटेलाइट बघतंय बरं का," असं ऑपरेटर एकमेकांना बजावतात. मालकही तोच धाक घालतो. खरं तर त्या सॅटेलाइटला यातलं काहीच दिसत नाही.

[दृश्य: चांदण्यांनी भरलेलं आकाश]

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ. मी अमुक, सध्या इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत, एवढाच निरोप ते अखंड पाठवत राहतात. कोण ऐकतंय, याचा त्यांना पत्ताही नसतो. मशीनवरची काडेपेटीएवढी डबी, म्हणजे जीपीएस ट्रॅकर, निदान चार उपग्रहांचे निरोप पकडते, कुणाचा किती उशिरा आला ते पाहते आणि आपली जागा आपणच काढते. जागा काढायला तीन पुरले असते. चौथा लागतो तो डबीतल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. हे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं, तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ.

म्हणजे जागा कळली ती फक्त डबीला. मालकाला ती कळवतं डबीतलं सिमकार्ड, आपल्या फोनमध्ये असतं तसलंच. चुगली सिम करतं, बदनाम सॅटेलाइट होतं.

[दृश्य: घाटाची वळणं. मोबाईलवर रेंजच्या रेघा एकेक करून गायब.]

आणि सिम म्हटलं की रेंज आलीच. वरंध्याच्या वळणांत रेंज गेली, की पुण्यातला ठिपका आहे तिथे थिजतो. डबी मात्र गप्प बसत नाही. वेळ, जागा, इंजिन चालू की बंद, सगळं आत साठवते आणि रेंज मिळताच एका दमात ओकून टाकते. मग तासभर हरवलेलं मशीन नकाशावर धावत सुटतं.

कड्यांची आणखी एक खोडी आहे. उपग्रहाचा निरोप कधी सरळ न येता कातळावर आपटून येतो, वाट लांबते, उशीर होतो. डबीला वाटतं, उपग्रह आहे त्याहून दूर आहे. रस्त्यावरचं मशीन मग नीरा देवघरच्या पाण्यात उतरलेलं दिसतं. नवखा मालक अशा वेळी घाबरून फोन करतो. जुना मालक पाच मिनिटं थांबतो.

[दृश्य: साईटवर एका बाजूला पडलेला रॉक ब्रेकर, जनरेटर, पाण्याची ट्रॉली]

जेसीबीला बॅटरी आहे, वायर जोडली की डबीचं पोट भरलं. पण सुट्ट्या ब्रेकरला, ट्रॉलीला करंट कुठून आणणार? तिथे बिनवायरची डबी लागते, स्वतःची बॅटरी घेऊन लोखंडाला चुंबकाने चिकटणारी. तिचा सगळा संसार काटकसरीचा. दर मिनिटाला निरोप पाठवला तर बॅटरी काही दिवसांत संपते, दिवसातून एकदाच पाठवला तर वर्ष-वर्ष पुरते. म्हणून ती बहुतेक वेळ झोपून असते. आत हालचाल ओळखणारी चिप असते. ट्रॉली हलली, की डबी जागी होते.

[दृश्य: अमेरिकेतला महामार्ग, शेजारी विमानतळाची धावपट्टी]

चकवणारेही असतातच. कुणी वायर तोडतो, कुणी डबीवर चांदीचा कागद गुंडाळतो. अमेरिकेत न्यूजर्सीच्या एका चालकाने कंपनीच्या गाडीत जीपीएस बंद पाडणारा जॅमर लावला होता. साहेबाला आपला ठावठिकाणा कळू नये, इतकाच हेतू. गाडी नेवार्क विमानतळाजवळून जायची आणि तिथली विमानं उतरवायला मदत करणारी यंत्रणा गोंधळायची. २०१२ मध्ये तो सापडला, पुढे जवळपास ३२ हजार डॉलरचा दंड लागला. उपग्रहाचा निरोप जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की खिशात मावणारं यंत्रही त्याला गिळून टाकतं.

आपल्याकडे नव्या बस-टॅक्सींना अशी डबी आणि आपत्कालीन बटण १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचं आहे. जेसीबीवाल्यांनी मात्र ती लावली डिझेलच्या काळजीने.

[दृश्य: भर दुपार. मोबाईलवर हिरवा ठिपका, जागचा हलत नाही.]

दुपारचे दोन. ठिपका हिरवा आहे, पण दोन तासांत तसूभरही सरकलेला नाही. इंजिन चालू, काम बंद, डिझेल जळतंय. मालक फोन लावतो.

"का रे, मशीन चालू ठेवून झोपलास काय?"

"झोपतोय कुठला शेठ, डंपर सकाळी गेला तो परतच नाही आला. बंद केलं तर परत चालू कसं करू? बॅटरी गेलीय. सकाळी चार माणसं लावून डंपरच्या बॅटरीवर कसंबसं उठवलंय. आठ दिवस झाले सांगतोय तुम्हाला."